देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय २७. रोमकडे निघालेलं जहाज वादळात सापडलं आहे. कित्येक दिवस सूर्य दिसलेला नाही, तारे दिसलेले नाहीत, कोणाच्या पोटात धड अन्न नाही. जहाजावर २७६ माणसं आहेत आणि त्यांतला एक कैदी म्हणजे पौल. देवदूताने त्याला रात्री सांगितलं आहे की जहाज जाईल, पण एकाचाही जीव जाणार नाही. पौलाने ते सगळ्यांना ठासून सांगितलं. पुढे चौदाव्या रात्री खलाशी नांगर टाकण्याच्या मिषाने होडी खाली सोडून पळ काढायला बघतात, तेव्हा हाच पौल शताधिपतीला (शिपायांच्या अधिकाऱ्याला) म्हणतो की ही माणसं जहाजात राहिली नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. शिपाई होडीचे दोर कापतात. पहाटे पौल सगळ्यांना आग्रहाने खायला लावतो, स्वतः देवाचे आभार मानून भाकर मोडतो, आणि मग उरलेला गहू समुद्रात टाकून जहाज हलकं केलं जातं.

जीव वाचणार हे देवाने सांगितलंच होतं, मग खलाशी पळाले असते तर काय बिघडलं असतं? पौलाला हा प्रश्न पडलेला दिसत नाही. देवाचा शब्द पक्का असल्यामुळेच खलाशी, भाकर आणि गहू यांच्याकडे लक्ष द्यायला त्याचं डोकं मोकळं होतं.

भरवशावर उपदेश पुष्कळ होतात. ऐकताना मान डोलते, पण घरी आल्यावर नेमकं काय करायचं तिथे गाडी अडते. माझं मत असं की भरवशाचा घात संकटापेक्षा मोघमपणाच जास्त करतो. "मी सगळं देवावर सोपवलं आहे" असं म्हणणाऱ्याला "सगळं म्हणजे काय काय?" एवढं विचारून पाहा. उत्तर देता आलं नाही तर बहुधा काहीच सोपवलेलं नसतं. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीत धडपड एकच आहे, गोष्ट नेमकी करण्याची.

पायरी १ : चिंता एका वाक्यात लिहा

वही घ्या, मोबाइलवर लिहिलंत तरी चालेल. आज मनात जे घोळतं आहे ते एका पूर्ण वाक्यात लिहा. "पैशाचं टेन्शन" हे वाक्य नव्हे. "पुढच्या महिन्याचा हप्ता भरायला पैसे कमी पडणार आहेत आणि भावाकडे मागायची लाज वाटते" हे वाक्य झालं. यात दोन गोष्टी आहेत हे लिहिल्यावरच दिसतं. एक हप्त्याची अडचण, दुसरी लाज. पुष्कळदा आपण पहिलीसाठी महिनोन्महिने प्रार्थना करतो आणि झोप उडवते ती दुसरी.

यहूदाच्या हिज्कीया राजाने हेच केलं. अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र हाती आलं, ते त्याने वाचलं, मंदिरात गेला आणि परमेश्वरापुढे उलगडून ठेवलं (२ राजे १९:१४). "देवा, तुला सगळं ठाऊक आहे" एवढ्यावर त्याने भागवलं नाही. पत्र कोणी पाठवलं हे नाव घेऊन, त्यात देवाची निंदा कशी केली आहे, अश्शूरच्या राजांनी आजवर राष्ट्रं कशी उद्ध्वस्त केली, हे त्याने देवाला सांगितलं. धमकी खोटी आहे असा आवही आणला नाही. त्यांनी देश उजाड केले हे खरं आहे, असं तो सरळ कबूल करतो.

तुमच्याकडेही असा कागद असतो. दवाखान्याचा रिपोर्ट, बँकेची नोटीस, शाळेचं पत्र, कोणाचा तरी बोचरा मेसेज. प्रार्थनेला बसताना तो समोर ठेवायला हरकत नाही. काहींना हे पोरकट वाटतं. राजाला वाटलं नाही.

एका बैठकीत तीनपेक्षा जास्त वाक्यं लिहू नका. यादी लांबली की प्रार्थनेऐवजी हिशेब होतो.

पायरी २ : माझं काय, देवाचं काय, हे वेगळं करा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जरा थांबू.

लिहिलेल्या प्रत्येक वाक्याखाली दोन ओळी करा. पहिलीत "यात माझ्या हातचं काय आहे", दुसरीत "यात माझ्या हातचं काय नाही". मुलाच्या परीक्षेचं उदाहरण घ्या. त्याला अभ्यासाला शांत जागा देणं, वेळेवर झोपवणं, कमी मार्क पडले तरी घरात त्याचा मान राखणं, हे तुमच्या हातात आहे. पेपर कसा निघेल, त्याला त्या दिवशी काय आठवेल, पुढे त्याचं मन कुठे वळेल, हे नाही. पहिल्या ओळीतली कामं तुम्ही करायची. दुसऱ्या ओळीतल्या गोष्टी देवाला सोपवायच्या. आपलं होतं उलटंच. पहिली ओळ देवावर ढकलतो आणि दुसरी स्वतः रात्रभर उचलून बसतो.

नहेम्याच्या पुस्तकात याचा नमुना एका वचनात सापडतो. यरुशलेमचा कोट बांधताना शत्रू चालून येणार अशी बातमी आली, तेव्हा लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला (४:९). दोन्ही एकाच दमात. पहारा बसवला म्हणून प्रार्थना उणी ठरली नाही.

हिज्कीयाकडेच परत बघा. पत्र मंदिरात नेणाऱ्या याच राजाने नगराबाहेरचे झरे बुजवले होते, पडका कोट बांधून काढला होता, ढाली आणि शस्त्रं करवली होती (२ इतिहास ३२:२-५). पाणी आत आणण्यासाठी खडकातून खोदलेला, त्याच्या नावाने ओळखला जाणारा सुमारे अर्ध्या किलोमीटरचा बोगदा यरुशलेममध्ये आजही आहे. बोगदा खोदून झाल्यावरही तो गुडघ्यांवर होता, कारण पाणी साठवणं त्याच्या हातात होतं आणि अश्शूरचं सैन्य मागे फिरवणं नव्हतं.

औषधोपचाराबाबत इथे गोंधळ होतो. "डॉक्टरकडे गेलो म्हणजे विश्वास कमी पडला" असं काही मंडळ्यांत अजून बोललं जातं. याला शास्त्राचा आधार मला दिसत नाही. पौल तीमथ्याला त्याच्या पोटासाठी आणि वरचेवरच्या दुखण्यांसाठी उपाय सुचवतो (१ तीमथ्य ५:२३). त्याचा सोबती लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४). त्रफिम या सोबत्याला पौलाने मिलेतात आजारी अवस्थेत मागे ठेवलं (२ तीमथ्य ४:२०), तेही गाजावाजा न करता, त्याच्या विश्वासावर बोट न ठेवता. गोळी वेळेवर घेणं ही पहिली ओळ, गुण येणं ही दुसरी. डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितलेलं औषध "विश्वासाने" बंद करणं म्हणजे आपली ओळ पुसून टाकणं. सैतानाने येशूला मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाकायला सांगितलं तेव्हा त्यानेही वचनच काढलं होतं, स्तोत्र ९१ मधलं. प्रभूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहू नको, हे त्याचं उत्तर.

आता याच्या उलट टोकाची माणसं. यांची पहिली ओळ संपतच नाही. सगळं मीच सांभाळायचं, मीच पाहायचं, मी जरा ढिलाई केली तर सगळं कोसळेल. बाहेरून हा जबाबदारपणा दिसतो. अशांनी दुसरी ओळ आधी लिहावी आणि त्यात निदान तीन गोष्टी लिहिल्याशिवाय उठू नये.

पायरी ३ : सोपवताना काय बोलायचं

फिलिप्पैकरांस पत्र ४:६ मध्ये पौल प्रार्थना, विनंती आणि आभारप्रदर्शन हे तिन्ही एकत्र आणतो. हे पत्र त्याने बंदिवासातून लिहिलं, म्हणजे चिंता करू नका हे सांगणाऱ्याकडे चिंतेची कारणं भरपूर होती. या वचनावरून एक साधा क्रम धरता येतो. आधी दुसऱ्या ओळीतली गोष्ट देवाला सांगा. मग काय हवं आहे ते स्पष्ट मागा. मग याच बाबतीत आजवर मिळालेल्या एका तरी गोष्टीसाठी आभार माना. बोलायला शब्द सापडत नसतील तर असं काहीतरी:

"देवबापा, हा रिपोर्ट तुझ्यापुढे आहे. मला भीती वाटते. आईला बरं कर, हेच माझं मागणं आहे. चांगले डॉक्टर भेटले, बहीण मदतीला आली, यासाठी तुझे आभार. पुढचं मला दिसत नाही, ते तुझ्याकडे ठेवतो. आज मला करायचं ते करायची ताकद दे. येशूच्या नावाने, आमेन."

एवढं पुरे. लांबीने प्रार्थनेला वजन येत नाही.

आणि तक्रार करायची असेल तर करा. स्तोत्र १३ चं पहिलं आणि दुसरं वचन उघडून पाहा, "कोठवर?" हा प्रश्न दोन वचनांत चारदा येतो. देव आपल्याला विसरला असा ठपका दावीद देवावरच ठेवतो आणि त्याच सहा वचनांच्या स्तोत्रात शेवटी त्याच्या वात्सल्यावर भरवसा ठेवतो. स्तोत्रसंहितेत अशी विलापाची स्तोत्रं ढीगभर आहेत आणि ती उपासनेत गायली जात होती. मंडळीत सदैव हसतमुख राहिलं पाहिजे ही समजूत कुठून आली कोण जाणे, स्तोत्रांतून तर नाही आली.

सोपवलेली गोष्ट तासाभरात परत डोक्यात आली, तर? पुन्हा सोपवा. पहिल्यांदा नीट सोपवलं नव्हतं असा अर्थ काढू नका. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने तेच मागणं तीनदा केलं, तिसऱ्यांदाही त्याच शब्दांत (मत्तय २६:४४).

पायरी ४ : त्या गोष्टीसाठी एक वचन धरा, पण ते कुठे आहे ते पाहून

भिंतीवर, स्टेटसवर, कॅलेंडरवर वचनं असतात. ती वाचून बरं वाटतं, पण अडचणीच्या दिवशी ती तग धरतात का हे त्यांच्या मुळाशी गेल्याशिवाय कळत नाही. सगळ्यात लाडकं वचन यिर्मया २९:११, देवाच्या मनातले हिताचे संकल्प आणि पुढची आशा. ते बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्यांना लिहिलेल्या पत्रात आहे. त्याच्या आदल्याच वचनात सांगितलं आहे की सुटका ७० वर्षांनी होईल. त्याआधी त्यांना घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं सांगितलं आहे. हनन्या नावाचा संदेष्टा मात्र दोनच वर्षांत सगळं परत येईल असं सांगत होता (अध्याय २८), आणि ते ऐकायला अर्थातच गोड होतं. देवाचं वचन ७० वर्षांचं होतं. हे माहीत असलेल्या माणसाला नोकरी दोन महिन्यांत लागली नाही म्हणून ते वचन खोटं वाटत नाही. उलट वाट पाहण्याच्या काळात बाग लावायची असते, हे त्याला त्यातूनच कळतं.

तसंच फिलिप्पै ४:१३. "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करायला शक्तिमान आहे" हे स्पर्धा जिंकण्यासाठी म्हटलं जातं. आदल्या वचनात पौल पोट भरलेलं असताना आणि उपाशी असताना, दोन्हीत कसं राहायचं हे शिकल्याचं सांगतो. म्हणजे हे वचन हरलेल्यालाही लागू आहे, आणि मला ते तिथेच जास्त लागू वाटतं.

कृती अशी. चिंतेच्या वाक्याला जुळेल असं एक वचन शोधा. त्याच्या आधीची आणि नंतरची निदान दहा वचनं वाचा. ते कोणाला, कोणत्या प्रसंगी सांगितलं ते वहीत एका ओळीत लिहा. मग पाठ करा. घाबरलेल्या क्षणी लांब वचन आठवत नाही, तिथे स्तोत्र ५६:३ सारखं छोटं कामी येतं. भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भाव ठेवीन, एवढाच त्याचा आशय. भीती वाटणारच नाही, असा दावा त्यात नाही.

पायरी ५ : आजच्यापुरतं

निर्गम १६ मध्ये मान्ना (रानात देवाने इस्राएलांना दिलेलं अन्न) रोज सकाळी माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरावीक माप, गोळा करायचा होता. काहींनी उद्यासाठी राखून ठेवला, त्यात किडे पडले. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचा होता आणि तो राखून ठेवला तरी नासला नाही. तजवीज करणं चूक नव्हतं, देवाने सांगितलेली तजवीज टिकली. भीतीपोटी केलेली साठवण नासली. बचत, विमा, मुलांच्या शिक्षणाची तरतूद यांबद्दल विश्वासणाऱ्यांच्या मनात उगाच अपराधीपणा असतो, त्यांनी हा अध्याय सावकाश वाचावा.

रोजच्या जगण्यात याचा उपयोग असा की सकाळी उठल्यावर फोन हातात घेण्याआधी एकच प्रश्न: आजच्या दिवसात माझ्या पहिल्या ओळीतलं कोणतं काम आहे? फक्त आजचं. अहवाल गुरुवारी येणार असेल तर सोमवारी त्याचं काहीच काम नाही. मत्तय ६:३४ मध्ये ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे, असं प्रभू म्हणतो. म्हणजे प्रत्येक दिवशी दुःख असेल हे तो गृहीतच धरतो.

रात्रीचं वेगळं आहे. रात्री दोन वाजता सुचणारे विचार सकाळी दहा वाजता तितके खरे वाटत नाहीत, हे अनुभवाने सगळ्यांना ठाऊक असतं. त्या वेळी कोणताही निर्णय घ्यायचा नाही आणि कोणालाही मेसेज पाठवायचा नाही. उशाशी वही ठेवा, विचार एका ओळीत लिहा, स्तोत्र ४:८ म्हणा आणि दिवा मालवा. झोप आली नाही तरी पडून राहा.

पायरी ६ : निर्णय घ्यायचा असेल तेव्हा

नीतिसूत्रे ३:५-६ आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नको म्हणतं. त्याचा अर्थ बुद्धी बाजूला ठेव असा लावणाऱ्यांनी त्याच पुस्तकातली सल्लामसलतीबद्दलची वचनं वाचावीत, ११:१४ आणि १५:२२ पुरेशी आहेत. लूक १४:२८ मध्ये प्रभू बुरूज बांधणाऱ्याला आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यायला सांगतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. शास्त्रात स्पष्ट मनाई असलेला पर्याय आधीच वगळा, त्यासाठी प्रार्थनेत वेळ घालवायची गरज नाही. खोटं सांगून मिळणारी नोकरी देवाची इच्छा आहे का, हा प्रश्नच नाही. उरलेल्या पर्यायांची माहिती नीट काढा. याकोब १:५ प्रमाणे ज्ञान मागा. तुमचं हित पाहणाऱ्या आणि तुम्हाला "नको" म्हणायला न कचरणाऱ्या दोघातिघांना विचारा, एखाद्या अनुभवी पाळकांना विचारता आलं तर उत्तम. मग ठरवा आणि "प्रभूची इच्छा असली तर" (याकोब ४:१५) असं म्हणून पाऊल टाका.

खूण मागण्याबद्दल. गिदोनाची लोकर सगळ्यांना आठवते (दव लोकरीवर पडतं की जमिनीवर, यावरून त्याने देवाचा शब्द पडताळून पाहिला), पण त्याला देवाची आज्ञा लोकरीच्या आधीच स्पष्ट मिळाली होती (शास्ते ६:१४-१६). लोकर त्याच्या डळमळण्याची गोष्ट आहे, देवाच्या धीराचीही आहे. निर्णय घेण्याची रीत म्हणून ती दिलेली नाही. डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल ते वचन उत्तर मानायचं, हाही प्रकार सोडा.

मन शांत झालं म्हणजे देवाचा होकार, अस्वस्थ राहिलं म्हणजे नकार, यावरही फार विसंबू नका. योना झोपी गेला होता, आणि तो देवापासून पळत होता. येशू गेथशेमानेत व्याकूळ होता, आणि तो पित्याच्या इच्छेत होता.

पायरी ७ : वाट पाहताना

देवाने संततीचं वचन दिलेला अब्राहाम हारानातून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता. इसहाक झाला तेव्हा १००. मधल्या काळात, कनानात दहा वर्षं काढल्यावर, त्याची बायको सारा हिने दासी हागारेकडून मूल मिळवण्याचा तोडगा काढला. त्याचा त्रास हागारेलाही झाला, इश्माएललाही आणि त्या सगळ्या घरालाही. घाई कुठे सुरू झाली हे ओळखायच्या काही खुणा आहेत. तुम्ही ते पाऊल जवळच्या माणसांपासून लपवताय. त्यात दुसऱ्या कोणाचा तरी बळी जातो आहे. "देवही स्वतःला मदत करणाऱ्यालाच मदत करतो" असं मनाला समजावताय, जे वाक्य शास्त्रात कुठेच नाही. यातली एक जरी खूण दिसली तरी पाऊल निदान आठवडाभर लांबवा.

वाट पाहणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणंही नव्हे. नहेम्याला यरुशलेमची बातमी किसलेव महिन्यात कळली, राजाशी बोलायची संधी नीसानात आली, साधारण चार महिन्यांनी. राजाने "तुझी काय विनंती आहे?" विचारलं तेव्हा त्याने मनातल्या मनात प्रार्थना केली आणि लगेच मुदत, परवानापत्रं, लाकडासाठी चिठ्ठी, असं सगळं मुद्देसूद मागितलं (२:४-८). ते चार महिने तो नुसता रडत बसला नव्हता हे त्या मागण्यांवरून उघड आहे.

पायरी ८ : उत्तर "नाही" आलं तर

भरवशावरचे बहुतेक लेख इथे घाईने निघून जातात. नोकरी मिळाली, मूल झालं, आजार बरा झाला अशा साक्षी सांगितल्या जातात आणि ज्यांचं झालं नाही ते मागच्या बाकावर गप्प बसून राहतात.

पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा गेला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" हे उत्तर मिळालं (२ करिंथ १२:८-९). पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो भट्टीची धमकी देणाऱ्या राजापुढे उभे राहून म्हणतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवलं नाही तरीही आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही (दानीएल ३:१७-१८). हे दुसरं वाक्य बोलताना पुढे काय होणार हे त्यांना माहीत नव्हतं. आपल्याला गोष्टीचा शेवट ठाऊक असतो म्हणून आपण ते सहज वाचतो.

अशा दिवसांत काय करायचं? पहिलं, शोक करा, त्याला मुदत घालू नका. लाजर उठणार हे माहीत असूनही येशू रडला. दुसरं, "यातून देवाला काय शिकवायचं आहे" हा शोध सध्या बाजूला ठेवा. कधीतरी कळेल, कधी कळणारही नाही. ईयोबाला त्याच्या दुःखाचं कारण पुस्तकाच्या शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. तिसरं, प्रार्थना जमत नसेल तर स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेचं वळण घेत नाही, तरीही सगळं बोलणं देवाशीच आहे. बोलणं तोडलेलं नाही, एवढं त्या दिवसापुरतं खूप झालं. मार्क ९:२४ मधल्या बापाने विश्वास आणि अविश्वास दोन्ही एका वाक्यात प्रभूपुढे ठेवले आणि प्रभूने त्याच्या मुलाला बरं केलं.

दुसऱ्याच्या बाबतीत "नाही" आलं असेल तर तोंड आवरा. "विश्वास कमी पडला", "घरात काही पाप असेल", "देवाला ते बाळ जास्त प्रिय होतं", यांतलं काहीही बोलू नका. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, ते त्यांनी बरं केलं. बोलायला लागल्यावर बिघडवलं.

आणि शरीर विसरू नका. एलीया रतामाच्या झुडपाखाली "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणाला, तेव्हा देवाने उपदेश केला नाही. त्याला झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं (१ राजे १९:४-८). बोलणं नंतर, होरेब डोंगरावर. दोन-तीन आठवडे सलग झोप, भूक गेली असेल, कशातच जीव रमत नसेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. जगणंच नको वाटत असेल तर आजच कोणाला तरी सांगा आणि एकटे राहू नका. प्रार्थना चालूच राहील.

पायरी ९ : नोंद आणि सोबत

पहिल्या पायरीतली वही जपून ठेवा. प्रत्येक वाक्यापुढे तारीख घाला, आणि काही घडलं की तेही लिहा, मागितलं तसं मिळालं, वेगळंच मिळालं, मिळालं नाही, अजून काही नाही. शमुवेलाने धोंडा उभा करून त्याचं नाव एबन-एजर ठेवलं आणि येथवर परमेश्वराने आपल्याला साहाय्य केलं असं म्हटलं (१ शमुवेल ७:१२). "येथवर" हा शब्द प्रामाणिक आहे. पुढच्याबद्दल तो बढाई मारत नाही. यार्देनेतून आणलेल्या बारा धोंड्यांचं कारण तर यहोशवाने स्पष्टच सांगितलं, पुढे मुलं विचारतील तेव्हा सांगता यावं म्हणून (यहोशवा ४:६-७). घरात मुलं असतील तर वहीतलं एखादं पान त्यांना वाचून दाखवा. "अजून काही नाही" असं लिहिलेलंही दाखवा, नाहीतर देव म्हणजे मागेल ते देणारी खिडकी असा त्यांचा समज होईल.

सोबतीसाठी एक माणूस पुरे. तो ऐकून घेणारा असावा आणि त्याच्या पोटात गोष्ट राहावी. प्रार्थनेचे विषय म्हणून सांगितलेल्या गोष्टी गावभर झाल्याचे प्रकार होतात, म्हणून काय सांगायचं, कोणापर्यंत पोहोचवायचं हे आधीच बोलून घ्या. त्याच्याशी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं बोला. दोन्ही ओळी त्याला वाचून दाखवा आणि एवढंच विचारा, "माझ्या ओळीतलं मी काही देवावर ढकललं आहे का, की देवाचं काही मी धरून बसलो आहे?" बाहेरच्या माणसाला हे चटकन दिसतं. गलतीकरांस पत्र ६:२ एकमेकांची ओझी वाहायला सांगतं आणि ६:५ प्रत्येकाने आपला भार वाहावा म्हणतं, तीनच वचनांच्या अंतराने.

सुरुवात करताना नऊच्या नऊ पायऱ्या पहिल्याच दिवशी करू नका. पहिला आठवडा फक्त पहिल्या दोन, आणि त्याही एकाच चिंतेवर, तीही फार मोठी नको. लांबलेला एखादा फोन, कार्यालयातलं एखादं अवघड बोलणं, एवढ्यावर हात बसू द्या. दुसऱ्या आठवड्यात प्रार्थनेचा क्रम आणि वचन जोडा. रविवारी उपासनेहून आल्यावर वही उघडायची वेळ ठरवून टाकली की ती राहून जात नाही. एखादा आठवडा कोरा गेला तर मागचं भरून काढायच्या भानगडीत पडू नका, त्या दिवशीची तारीख घालून पुढे लिहा.